आवलीची चूल

आम्हां सांगवीकरांना देहू काही दूर नाही. तुकोबांचे चरित्र येथे लहानपणीच कानी पडते. आणि १९३६ साली ‘प्रभात’ने काढलेला ‘संत तुकाराम’ ज्याने पाहिला, त्याच्या मनात तुकोबांना विष्णुपंत पागनिसांचाच चेहरा असतो.

या चित्रपटाचे दिग्दर्शक दोन : विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. दोघेही कोल्हापुरात बाबुराव पेंटरांच्या हाताखाली तयार झाले. १९२९ साली शांताराम, धायबर आणि कुलकर्णी यांच्यासह त्यांनी ‘प्रभात’ उभारली; १९३३ साली ती पुण्यास आली. दामल्यांनी ध्वनी सांभाळावा, फत्तेलालांनी नेपथ्य उभे करावे, अशी त्यांची वाटणी. एक ब्राह्मण, एक मुसलमान; पण विठोबाच्या भक्ताची कथा दोघांनी एकजीवाने सांगितली.

तिचे मर्म मला दिसते ते आवलीत. गौरीने रंगविलेल्या या आवलीला म्हैस, मुले आणि चूल यांचीच काळजी. मूल आजारी पडताच ती वहाण उचलून थेट देवालाच जाब विचारते. तुकोबा वैकुंठास निघतात, तेव्हा ती मुलांसाठी मागे राहते. दिग्दर्शकांनी तिला कजाग ठरवून हसण्यावारी नेले नाही. अभंगाइतकाच मान भाकरीलाही दिला. मुंबईच्या ‘सेंट्रल’मध्ये हे चित्र ५७ आठवडे चालले, आणि १९३७ साली दूरच्या व्हेनिसलाही गौरविले गेले.

‘प्रभात’च्या त्या आवारात १९६० साली चित्रपटशिक्षणाची सरकारी संस्था सुरू झाली. तेथे शिकणाऱ्या कुणाला संताचे चित्र काढावेसे वाटलेच, तर त्याने आधी संताच्या घरची चूल पेटली आहे की नाही, ते पाहावे.