वऱ्हाडचा कापूस, अरबांचे तेल

अकोल्याच्या जुन्या शहरात आमच्या गल्लीतला पहिला ‘सौदीवाला’ म्हणजे माझे थोरले मामू. १९७८ साली दम्मामला गवंडीकामाला गेले. दोन वर्षांनी परतले तेव्हा टेपरेकॉर्डर, जाड ब्लँकेट आणि अत्तराची बाटली बघायला अर्धी गल्ली जमली होती. मामू एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत, “बेटा, वहाँ पैसा जमीन से निकलता है और काम हम से.” तेव्हा हसलो होतो. आता वाटते, या विषयावरच्या जाड पुस्तकांत जे सापडते ते मामू तेव्हाच सांगून गेले होते.

आपल्याकडे या श्रीमंतीबद्दल दोनच मते ऐकू येतात. आपले लोक म्हणतात, अल्लाहची देन. बाकीचे म्हणतात, अरबांनी केले काय, फुकट मिळाले. दोघेही इतिहास सोडून बोलतात.

तेलाआधी खाडीचा किनारा मोत्यांवर जगत होता आणि मोत्यांची मोठी बाजारपेठ होती मुंबई. जपानी कृत्रिम मोती आले, पाठोपाठ १९२९ ची जागतिक मंदी आली आणि हा धंदा बसला. तिकडे सौदी राज्याचा मोठा आधार होता हाजींकडून मिळणारे उत्पन्न. मंदीत हाजींची संख्या झपाट्याने घटली, खजिना रिकामा झाला. त्या अडचणीत इब्न सौद यांनी १९३३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या कंपनीशी तेलाचा करार केला आणि सुरुवातीला हातात पडल्या पस्तीस हजार सोन्याच्या गिन्न्या. म्हणजे तेलाच्या या कथेची सुरुवातच गरिबीतून आहे. दम्मामच्या सातव्या विहिरीला भरघोस तेल लागले ते १९३८ मध्ये.

आणि त्या किनाऱ्यावर चलन कोणते होते? आपला रुपया! १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने खाडीसाठी वेगळ्या नोटाही काढल्या. १९६१ मध्ये कुवेतने आणि १९६५ मध्ये बहरीनने स्वतःचा दिनार आणला. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि कतार, दुबईवाल्यांनीही रुपयाचा हात सोडला. आज दिरहम-रियाल घरी पाठवणाऱ्या पोरांना हे सांगितले तर खरे वाटत नाही.

तेल अरबांच्या जमिनीत होते, पण भाव ठरायचा परदेशी कंपन्यांच्या कचेऱ्यांत. वऱ्हाडी माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना वऱ्हाडच्या कापसाची आठवण झाली. भाव आभाळाला भिडले. त्या दशकात आगगाडी अकोल्यापर्यंत आली ती मुख्यतः कापूस न्यायला. युद्ध संपले आणि भाव कोसळले. भाव लिव्हरपूलला ठरत होता, कर्ज मात्र इथल्या शेतकऱ्याच्या डोक्यावर राहिले.

अरबांनी इथे वेगळी वाट धरली. १९६० मध्ये कंपन्यांनी परस्पर भाव कमी केला, तेव्हा सप्टेंबरात बगदादला इराक, कुवेत, सौदी अरेबिया, इराण आणि व्हेनेझुएला एकत्र बसले आणि ओपेक उभी राहिली. ऑक्टोबर १९७३ च्या युद्धानंतर तीन डॉलरच्या आसपास असलेला पिंपाचा भाव काही महिन्यांत बाराच्या जवळ गेला. मामूंना दम्मामला नेणारी लाट हीच. कापूसवाल्यांना जे कधी साधले नाही ते तेलवाल्यांना साधले.

पण भाव हातात येणे म्हणजे विकास नव्हे. सौदीने वाळवंटात गहू पिकवायचे ठरवले. हजारो वर्षांपूर्वी जमिनीत साठलेले, पुन्हा न भरणारे पाणी पंपांनी उपसले, सरकारने चढ्या भावाने गहू घेतला आणि १९९० च्या सुमारास हा देश चक्क गहू निर्यात करू लागला. मग पाण्याचा हिशेब समोर आला आणि २००८ मध्ये ही खरेदी टप्प्याटप्प्याने बंद करायचे ठरले. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात विहीर असून ओलीत करता न येणारा शेतकरी हे ऐकून कपाळाला हात लावील.

कुवेत जास्त सावध निघाला. स्वतंत्र होण्याआधीच, १९५३ मध्ये, तेलाचा पैसा बाहेर गुंतवायला त्याने मंडळ नेमले. १९७६ पासून सरकारी उत्पन्नाचा दहावा हिस्सा पुढच्या पिढ्यांसाठी बाजूला पडू लागला. १९९० मध्ये इराकने देश गिळला तेव्हा परागंदा सरकार याच गुंतवणुकीवर तगले. दुबईकडे तेल मुळातच थोडे. तिने ते बंदरात घातले, १९७२ मध्ये रशीद बंदर आणि १९७९ मध्ये जबल अली. माझ्या मते शहाणपण म्हणायचे तर याला. अर्थात ती बंदरे बांधणारे हात बाहेरचेच होते, पासपोर्ट मालकाकडे ठेवून राबणारे, आणि त्यांत आपलेही होते. त्यांच्या हालांबद्दल आपण फारसे बोलत नाही, कारण तिथूनच पैसा येतो.

आता थोडे कडू बोलतो. खाडीतून जुन्या शहरात आलेला पैसाही तेलाच्याच जातीचा होता. बाहेरून यायचा, कधी थांबेल याचा नेम नाही. आम्ही त्याचे काय केले? स्लॅबची घरे, सोने, लग्नात तीन-तीन दिवस दावत. मामूंनी दोन मजले चढवले. वरच्या मजल्यावर शिवणयंत्रे टाकून कारखाना काढायचा त्यांचा बेत होता. यंत्रे आली नाहीत, तिथे पाहुणे उतरत राहिले. मुलाला दहावीनंतर शिकवले नाही, “व्हिसा तर आहेच” म्हणून. सौदीला ज्या चुकीसाठी नावे ठेवायची ती आमच्या घरात लहान आकारात होतीच.

तो मुलगा पुढे रियाधला गेला, बायको-मुलांना घेऊन. सौदीने आता तेलापलीकडचा विचार सुरू केला आहे, स्वतःच्या तरुणांना कामाला लावायचे आहे. जुलै २०१७ पासून परदेशी कामगाराच्या घरातल्या प्रत्येक माणसामागे महिना शंभर रियाल कर लागला आणि तो दरवर्षी वाढत गेला. दुसऱ्या वर्षी वहिनी तीन मुलांना घेऊन अकोल्याला परतल्या. शाळा सुरू होऊन महिना झाला होता. धाकटीला मराठी वाचता येत नव्हते. मामूंनी वरचा मजला झाडून घेतला आणि मुलांचे दाखले पिशवीत घेऊन ते शाळाशाळांतून फिरू लागले.