हलता भाग नसलेला कॉम्प्रेसर

जुनी घड्याळे, जुने रेडिओ, जुने कॅमेरे जमवणारी माणसे आपल्या ओळखीची असतात. पण जगात काही छांदिष्ट जुने हवेचे कॉम्प्रेसर जमवतात, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. पंक्चरच्या दुकानात धडधडणारे ते यंत्र, त्यात जमवण्यासारखे काय? ही मंडळी भंगारातून गंजलेला नमुना शोधून काढतात, त्याच्या झडपा आणि पिस्टनच्या कड्या नव्याने बसवतात आणि तो पुन्हा चालता करतात. नमुना जितका चमत्कारिक, तितकी त्याची किंमत अधिक.

आम्हांला या छंदात रस आहे तो एका कारणासाठी. कॉम्प्रेसरचे हे चमत्कारिक नमुने म्हणजे एकाच प्रश्नाला माणसाने वेळोवेळी दिलेली उत्तरे आहेत. तो प्रश्न असा: हवा दाबताना जी उष्णता निर्माण होते, तिचे काय करायचे? आणि गंमत अशी, की या प्रश्नाचे सर्वांत सुंदर उत्तर ज्या यंत्राने दिले, ते कोणत्याही संग्राहकाला घरी नेता येत नाही.

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम होते, हा अनुभव आपल्या विद्यार्थ्यांनाही असतो. पुष्कळजण त्याचे कारण ‘घर्षण’ असे सांगतात. घर्षणाचा वाटा असतो, पण मुख्य कारण वेगळे आहे. हवा दाबताना आपण तिच्यावर कार्य करतो आणि ते तिच्या रेणूंच्या गतिज ऊर्जेत जमा होते. हवा तापते. २७ अंश सेल्सियस तापमानाची हवा उष्णता बाहेर जाऊ न देता वातावरणाच्या नऊपट दाबाला नेली, तर तिचे तापमान जवळजवळ २९० अंशांवर जाते. तापलेली हवा प्रसरण पावू पाहते, म्हणून ती दाबायला अधिक जोर लागतो. तापमान स्थिर ठेवून हीच हवा दाबली असती तर जे कार्य लागले असते, त्यापेक्षा सुमारे ४० टक्के जास्त कार्य करावे लागते. पुढे टाकीत आणि नळात ही हवा थंड होते आणि ते जादा कार्य वाया जाते.

हा तोटा एकोणिसाव्या शतकात एकदम महत्त्वाचा झाला. १८५७ मध्ये आल्प्स पर्वतातून, फ्रान्स आणि इटली यांना जोडणारा १२ किलोमीटरहून अधिक लांबीचा फ्रेज्यूस बोगदा खणायला सुरुवात झाली. इतक्या लांब बोगद्यात वाफेचे इंजिन नेले तर धुराने माणसे गुदमरतील. म्हणून जेर्मां सोमेये या अभियंत्याने खडक फोडणारी यंत्रे दाबलेल्या हवेवर चालवली. वापरलेली हवा कामगारांना श्वासालाही उपयोगी पडे.

ती हवा दाबण्यासाठी त्याने प्रथम जी यंत्रे बसवली, त्यांत पिस्टनचे काम पाणीच करी. सुमारे २६ मीटर उंचीवरून पाण्याचा स्तंभ नळातून वेगाने खाली येई आणि कोंडलेल्या हवेवर आदळे. वाहता नळ एकदम बंद केला, की पाइपात धक्का बसतो ना, तोच हा धक्का. त्यामुळे स्थिर पाण्याने मिळाला असता त्याच्या जवळपास दुप्पट दाब मिळे. शिवाय हवा पाण्याला भिडल्यामुळे थोडी थंडही राही. पण झडपांवर सतत घाव बसत, म्हणून पुढे या यंत्रांची जागा सावकाश चालणाऱ्या पंपांनी घेतली. २५ डिसेंबर १८७० रोजी बोगद्याची दोन्ही टोके एकमेकांना मिळाली आणि सप्टेंबर १८७१ मध्ये तो खुला झाला. सोमेये त्याआधी दोन महिने वारला होता.

पाण्याने हवा दाबण्याची युक्ती मात्र त्याच्याही आधीची. आपल्याकडे लोहार भाता चालवतो. फ्रान्स-स्पेनच्या सीमेवरील पिरेनीज पर्वतातील लोखंडाच्या भट्ट्यांना भात्याऐवजी ओढ्याचे पाणी वारा घाली. या साधनाला त्रोंप म्हणत. उभ्या नळातून पाणी खाली सोडायचे आणि नळाला वरच्या बाजूस छिद्रे ठेवायची. पडणारे पाणी छिद्रांतून हवा ओढून घेते आणि बुडबुड्यांच्या रूपात खाली नेते. तळाशी एका बंद पेटीत पाणी दगडावर आपटते, हवा सुटी होऊन वरच्या नळीने भट्टीकडे जाते आणि पाणी खालून निघून जाते. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत नळाला लावून गाळण्यासाठी वापरतात तो फिल्टर पंप याचाच नातेवाईक आहे. तिथे आपल्याला हवा ओढणे हवे असते, इथे ओढलेली हवाच हवी असते, इतकाच फरक.

चार्ल्स टेलर या कॅनडातील अभियंत्याने हेच तत्त्व प्रचंड प्रमाणावर वापरले. त्याचा पहिला कॉम्प्रेसर १८९६ मध्ये क्वेबेक प्रांतातील मेगॉग येथे एका कापड गिरणीसाठी सुरू झाला. १९०६ मध्ये अमेरिकेच्या मिशिगन राज्यात, ऑन्टनॅगन नदीवर, व्हिक्टोरिया तांब्याच्या खाणीसाठी आणखी एक उभा राहिला. सर्वांत प्रसिद्ध झाला तो ऑन्टारिओतील रॅगेड शूट्स या धबधब्यावरचा, १९१० सालचा. त्याची हवा सुमारे साडेचौदा किलोमीटर लांबीच्या नळातून कोबाल्ट गावाच्या चांदीच्या खाणींना जाई.

त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. नदीचे पाणी असंख्य लहान नळ्यांच्या तोंडांवरून हवा ओढून घेत एका उभ्या विहिरीत पडे. विहीर सुमारे १०७ मीटर खोल. पाण्याचा वेग बुडबुड्यांच्या वर येण्याच्या वेगापेक्षा जास्त असल्यामुळे बुडबुडे निमूटपणे खाली जात. तळाशी सुमारे ३०० मीटर लांबीचा रुंद, आडवा बोगदा होता. तिथे पाणी संथ होई, बुडबुडे छताशी गोळा होत आणि पाणी दुसऱ्या विहिरीतून वर चढून पुन्हा नदीला मिळे. दोन्ही पातळ्यांतला फरक जेमतेम १६ मीटर. पण हवेवर दाब पडे तो या फरकाचा नव्हे, तर परत वर जाणाऱ्या पाण्याच्या स्तंभाचा! दहा मीटर पाणी म्हणजे सुमारे एक वातावरण, हे मुलांना ठाऊक असते. इथे हा स्तंभ ८० मीटरांहून अधिक होता, म्हणून वातावरणाहून आठपट जास्त दाब मिळे. हवा जास्त साठली तर बोगद्यातले पाणी खाली ढकलले जाई, एका खास नळाचे तोंड उघडे पडे आणि जादा हवा उंच कारंजे उडवत बाहेर पडे. सुरक्षा-झडपसुद्धा हलत्या भागाशिवाय!

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला जी उष्णता लागते, ती एक लिटर हवेला लागणाऱ्या उष्णतेच्या सुमारे साडेतीन हजारपट असते. इथे प्रत्येक बुडबुड्याभोवती पाणीच पाणी. त्यामुळे हवा दाबली जात असतानाच तिची उष्णता पाणी घेई आणि तापमान जवळजवळ स्थिर राही. पाठ्यपुस्तकात ‘समतापी संपीडन’ हा शब्द आपण शिकवतो आणि प्रत्यक्षात ते घडत नाही असेही सांगतो. इथे ते घडत होते.

आणखी एक लाभ झाला. थंड राहून नवव्या हिश्शात आकसलेली हवा पूर्वीइतकी वाफ सामावू शकत नाही. बहुतेक वाफ पाणी होऊन खालीच राही आणि खाणीत पोहोचणारी हवा कोरडी असे. कॅनडाच्या हिवाळ्यात नळात आणि यंत्रांत बर्फ धरण्याचा त्रास त्यामुळे टळला. एक दोषही होता. ऑक्सिजन पाण्यात नायट्रोजनच्या सुमारे दुप्पट विरघळतो. दाबाखाली तो अधिक विरघळून पाण्याबरोबर निघून जाई आणि हवेतले त्याचे प्रमाण २१ टक्क्यांवरून १८ च्या आसपास येई. अशा हवेत मेणबत्ती नीट जळत नसे. एकाच यंत्रात बॉइल, हेन्री आणि आर्किमिडीज असे तिघे भेटतात ते इथे.

मग असे यंत्र मागे का पडले? विजेच्या तारा कुठेही नेता येतात, धबधबा नेता येत नाही. विहिरी खणण्याचा खर्च एकदम करावा लागतो आणि खाण संपली की तो वाया जातो. व्हिक्टोरिया खाण १९२१ मध्ये बंद पडली आणि तिच्याबरोबर तिचा कॉम्प्रेसरही. रॅगेड शूट्सचा कॉम्प्रेसर मात्र १९८१ पर्यंत, म्हणजे सत्तरांहून अधिक वर्षे, चालला.

पिस्टनचा कॉम्प्रेसर उचलून संग्रहालयात नेता येतो. त्याची डागडुजी करणारे जाणकार जुन्या टाकीत प्रथम हवा भरत नाहीत, पाणी भरून दाब देतात. पाणी फारसे दाबले जात नाही, म्हणून त्यात ऊर्जा कमी साठते. टाकी फुटलीच तर पाणी गळते, हवा मात्र स्फोट करते. पण टेलरचे यंत्र म्हणजे नदी, खडक आणि उंची. त्याचा कोणता भाग कपाटात ठेवणार? असे यंत्र जतन करायचे तर ते जागेवर चालू ठेवूनच. अँडोरातील फार्गा रोस्सेल ही १८४० च्या दशकातली लोखंडाची भट्टी १८७६ मध्ये बंद पडली होती. ती पुढे दुरुस्त करून संग्रहालय म्हणून उघडण्यात आली आणि पाण्याने वारा कसा घालत हे तिथे दाखवले जाते.

दुसरा मार्ग शाळेत आहे. गच्चीवरून तीन मीटर लांबीची पारदर्शक नळी खाली सोडा. वर नरसाळे बसवा आणि त्याच्या तोंडाशी दोन-तीन बारीक नळ्या अशा ठेवा, की पाणी पडताना त्यांतून हवा ओढली जाईल. खाली प्लास्टिकची घट्ट झाकणाची बरणी ठेवा. झाकणातून हवेची नळी काढा आणि तळापासून पाण्याची नळी काढून तिचे तोंड अर्धा मीटर वर धरा. हवेच्या नळीचे टोक पाण्यात बुडवा. बुडबुडे येऊ लागले की पाण्याच्या नळीचे तोंड वर-खाली करा आणि हवेच्या नळीचे टोक किती खोल नेले तर बुडबुडे थांबतात, ते मुलांना मोजू द्या. दोन उंचींचे नाते त्यांचे त्यांनाच सापडेल.

जुने यंत्र रंगवून ठेवले, तर त्याचा आकार उरतो. ते चालवून पाहिले, तरच त्यामागचा विचार उरतो.