लेझर शस्त्रांवर बंदी आहे का?

आमच्या भंडारा जिल्ह्यात जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे, त्यामुळे शस्त्र म्हटलं की इथे दारूगोळाच आठवतो. आधुनिक शस्त्रबंदीची सुरुवातही दारूगोळ्यापासूनच झाली: १८६८ मध्ये सेंट पीटर्सबर्गला ४०० ग्रॅमखालच्या स्फोटक गोळ्या नाकारल्या गेल्या. कारण एकच, विनाकारण यातना नकोत.

१९९५ च्या व्हिएन्ना प्रोटोकॉलने हाच विचार लेझरला लावला. पण कलम नीट वाचा. बंदी लेझरवर नाही. माणसाला कायमचं आंधळं करण्यासाठी बनवलेल्या लेझर शस्त्रांवर आहे. म्हणूनच एप्रिल २०२५ मध्ये डीआरडीओने कुर्नूलला लेझरने ड्रोन पाडला, ते या बंदीत बसत नाही. मात्र असा वैध वापर करताना ओघात कोणाचे डोळे गेले, तर तेही बसत नाही!

संशोधनाचा प्रश्न अशाच फटीत सापडतो. उद्या मायक्रोवेव्ह शस्त्रं आली, तरी आधी हेच विचारा: इजा कोणाला आणि कशी?