घरातल्या पक्ष्याला धोका हवेतून

शहरांतील सदनिकांमध्ये पाळल्या जाणाऱ्या पक्ष्यांत बजरीगर आणि कॉकाटील हे नेहमी दिसणारे पक्षी. दोन्ही मूळचे ऑस्ट्रेलियातील. आपल्याकडे दुकानांत ‘लव्हबर्ड’ या नावाने विकला जाणारा चिमुकला पक्षीही बहुधा बजरीगरच असतो. (देशी पोपट पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मनाई आहे, हे येथेच नमूद केलेले बरे.) मांजर आणि कावळा यांपासून पिंजरा जपावा, हे कोणाला सांगावे लागत नाही. घरातील हवेकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

पक्ष्यांच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात. त्यामुळे श्वास घेताना आणि सोडतानाही ताजी हवा फुप्फुसांतून एकाच दिशेने वाहत राहते. उड्डाणासाठी आवश्यक असलेला भरपूर प्राणवायू या रचनेमुळे मिळतो. मात्र विषारी वायूही त्याच वेगाने रक्तात मिसळतो. ब्रिटनच्या कोळसा खाणींत कार्बन मोनॉक्साइडची पूर्वसूचना मिळावी म्हणून कॅनरी पक्षी बाळगले जात, ते याच कारणाने. ही प्रथा १९८६ पर्यंत टिकून होती.

आजच्या स्वयंपाकघरात ही भीती नॉनस्टिक भांड्यांची आहे. त्यांच्यावरील टेफ्लॉनचा थर सुमारे २६० अंश सेल्सिअसपुढे तापला की विघटन पावू लागतो आणि त्यातून निघणारे वायू पक्ष्यांना मारक ठरतात. मोठ्या आचेवर विसरलेला रिकामा तवा काही मिनिटांत एवढा तापतो. माणसाला कदाचित काहीच जाणवणार नाही, पण शेजारच्या खोलीतील पक्षीही दगावू शकतो. काही इस्त्र्या आणि टोस्टर यांनाही असाच थर असतो. पक्षी असलेल्या घरात बिडाचा किंवा लोखंडी तवा वापरावा, हे उत्तम. फोडणीचा धूर, अगरबत्ती, धूप, डासांची कॉइल, सुगंधी फवारे, डांबराच्या गोळ्या यांपासूनही पिंजरा दूर हवा. झुरळांसाठी औषधफवारणी किंवा घराचे रंगकाम असेल, तर पक्ष्याला काही दिवस दुसऱ्या घरी हलवावे.

पिंजऱ्याबाहेर सोडलेल्या पक्ष्याला छताचा पंखा सर्वांत घातक. उकाडा कितीही असो, पक्षी मोकळा असेतो पंखा बंदच हवा. आरसे व खिडक्यांच्या काचांवर पडदा ओढावा, पाण्याच्या बादल्या आणि कमोड झाकावेत.

खाण्यात ॲव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा, लसूण आणि खारवलेले पदार्थ वर्ज्य. जस्ताचा मुलामा दिलेली तार किंवा जुन्या रंगातील शिसे कुरतडल्यानेही विषबाधा होते. त्यामुळे पिंजरा स्टेनलेस स्टीलचा असल्यास चांगले.

पक्षी आजार लपवतो. पिसे फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसणे, चोच उघडी ठेवून श्वास घेणे, श्वासागणिक शेपटी वरखाली हलणे ही लक्षणे दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. विषारी वायूचा संशय येताच प्रथम पक्ष्याला मोकळ्या हवेत न्यावे आणि मगच डॉक्टरांना फोन करावा. पक्ष्यांवर उपचार करणारे पशुवैद्य थोडेच असतात. त्यांचा क्रमांक आधीच लिहून ठेवावा. मुंबईत परळच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयात, म्हणजे सर्वांच्या परिचयाच्या ‘बैलघोडा’ इस्पितळात, पक्ष्यांवरही उपचार होतात.