शिळाछाप : मराठी अक्षराला दगडाने दिलेला हात

१/ मुद्रणाचा इतिहास म्हटला की गुटेनबर्ग आणि त्याचे सुटे खिळे आठवतात. मराठी मुद्रणाच्या उभारणीत मात्र एका दगडाचाही मोठा वाटा आहे.

२/ गोव्यात छापखाना १५५६ साली आला. तरीही फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले, कारण नागरी खिळे उपलब्ध नव्हते. काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि जोडाक्षरे यांमुळे नागरीला शेकडो वेगवेगळे खिळे लागत. ते घडवणे खर्चाचे आणि जुळवणे जिकिरीचे होते.

३/ वाट सापडली ती जर्मनीत. म्युनिकचा नाटककार आलोइस सेनेफेल्डर याला आपली नाटके स्वस्तात छापायची होती. १७९६ साली आईने सांगितलेली धुण्याच्या कपड्यांची यादी त्याने, जवळ कागद नसल्याने, मेणचट शाईने दगडावर लिहिली. तेथून सुरू झालेल्या प्रयोगांतून दोनेक वर्षांत शिळाछाप सिद्ध झाला.

४/ तत्त्व साधे आहे : तेल आणि पाणी मिसळत नाहीत. चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट शाईने लिहायचे आणि शिळा ओली करायची. कोरा भाग पाणी धरून ठेवतो, अक्षरे ते झटकतात. मग शाईचा रूळ फिरवला की शाई केवळ अक्षरांनाच लागते.

५/ म्हणजे जे लेखणीला साधते, ते शिळेलाही साधते. खिळ्यांची गरजच उरत नाही. मुंबईत गणपत कृष्णाजींनी अमेरिकन मिशनच्या छापखान्यातील काम पाहून हे तंत्र आत्मसात केले आणि १८३१ साली मराठी पंचांग छापले. छापील कागदाला स्पर्श करण्यास सोवळी मंडळी कचरत. म्हणून शाईत चरबीऐवजी तूप वापरल्याचे सांगतात. यंत्र आणले तरी समाजाचा विश्वास वेगळा मिळवावा लागतो, तो असा.

६/ शिळेला मर्यादाही होत्या. ती घासून दुसऱ्या कामास घेतली की पुढील आवृत्तीसाठी सारा मजकूर नव्याने लिहावा लागे. खिळे मात्र सोडवून पुन्हा जुळवता येत. जावजी दादाजींनी १८६४ मध्ये खिळे ओतण्याचा कारखाना आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्या सुबक नागरी खिळ्यांनी पारडे फिरवले.

७/ जुने मराठी पुस्तक हाती आले तर एकाच पानावरील दोन ‘क’ ताडून पाहा. दोन्ही तंतोतंत सारखे असतील तर बहुधा खिळ्यांची छपाई; किंचित वेगळे असतील तर ते शिळेवर उतरलेले कुणा लेखनिकाचे हस्ताक्षर आहे.