ग्रॅफाइटचें उशिराचें आगमन

शिसपेन्सिलींत शिसें नसतें; असतो तो ग्रॅफाइट, म्हणजे कार्बनाचेंच एक रूप. डोंबिवलीहून सकाळच्या लोकलनें निघणाऱ्या बहुतेक प्रवाशांच्या खिशांत आज हाच पदार्थ असतो. कारण भ्रमणध्वनींतील लिथियम विद्युत्घटाचें ऋण टोक, ज्यास शास्त्रज्ञ अॅनोड म्हणतात, तें बहुधा त्याचेंच असतें. इतका परिचित पदार्थ या जागीं इतक्या उशिरा कां आला, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकानें विचारण्याजोगा आहे.

प्रथम त्या जागीं लिथियम धातूच होता. परंतु घट पुनःपुन्हां भरतां त्या धातूवर सुईसारखे अंकुर फुटत आणि आगीचें भय उत्पन्न होई. ग्रॅफाइटच्या थरांमध्यें लिथियम शिरूं व निघूं शकतो, हें रशीद याझामी यांनीं १९८० सालीं ग्रेनोबल येथें घन विद्युत्वाहक योजून दाखविलें. सहा कार्बन-अणूंमागें एक लिथियम-अणु सामावतो. मात्र त्या काळीं प्रचलित असलेल्या प्रॉपिलीन कार्बोनेट या द्रवांत ग्रॅफाइटचे थरच सुटून येत. म्हणून अकिरा योशिनो यांनीं १९८५ मध्यें पेट्रोलियम कोक पत्करला. १९९१ मध्यें सोनीनें बाजारांत आणलेला घटही ग्रॅफाइटवांचूनच होता. दरम्यान १९९० सालीं कॅनडांत जेफ डान व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं, एथिलीन कार्बोनेट योजल्यास पहिल्याच भरणाच्या वेळीं कार्बनावर पातळ कवच धरतें व पुढील हानि टळते. दोष ग्रॅफाइटचा नव्हता, संगतीचा होता.

या इतिहासाचें एक लहानसें पान कल्याणासही लिहिलें गेलें आहे. तेथील बिर्ला महाविद्यालयांतील संशोधकांनीं प्रा. महेश्वर शेरॉन प्रभृतींसह चहाच्या पानांपासून कार्बन तयार करून तो याच जागीं तपासला. तो निबंध २००८ सालीं प्रसिद्ध झाला. ग्रॅफाइटचें आसन त्यानें हललें नाहीं. पण तेवढ्यावरून तो उद्योग निष्फळ म्हणावा काय? मला तसें वाटत नाहीं. कोकही शेवटीं मागें पडला. तथापि घट बाजारापर्यंत पोंचला तो कोकाच्याच आधारानें. २०१९ सालचें नोबेल पारितोषिक ज्या तिघांस मिळालें त्यांत योशिनो होते, आणि त्यांनीं निवडलेला पदार्थ ग्रॅफाइट नव्हता, हें आपण विद्यार्थ्यांस क्वचितच सांगतों. यशस्वी पदार्थाचेंच चरित्र शिकविलें, तर आपल्याच गांवच्या प्रयोगशाळेंत कांहीं आरंभ करण्याचें धैर्य त्यांना कोठून यावें?