मागे राहिलेला अंश

"गाठ एकदा काढली न्हवं, मग इतक्या वर्षांनी परत कशी आली?" आपल्या निपाणी-बेळगाव भागात असं विचारतात तेव्हा त्यात भीती असते, आणि आडून एक आरोपही असतो. हिनंच पथ्य मोडलं असेल, नाहीतर पूर्वकर्म आडवं आलं असेल! या प्रश्नाचा इतिहास पाहिला की आरोप गळून पडतो.

सुश्रुतसंहितेत मांसात आणि मेदात होणाऱ्या अशा गाठीला अर्बुद म्हटलंय. आधीच्या गाठीवर उठणाऱ्या दुसऱ्या गाठीला अध्यर्बुद असं वेगळं नावही दिलंय. अंश मागे राहिला तर गाठ पुन्हा वाढते आणि आगीसारखी जीव घेते, म्हणून ती समूळ काढावी, असं सुश्रुतांनी वैद्याला बजावलंय. दोष रोग्याच्या वागण्यावर नाही, मागे राहिलेल्या अंशावर ठेवलाय.

पुढं शल्यवैद्यांना याचं कारण कळलं. स्नायू, चरबी यांत होणारी सार्कोमाची गाठ वरून कवचात असल्यासारखी दिसते. पण ते कवच खरं नसतं. सूक्ष्म पेशी त्याच्या पलीकडं पसरलेल्या असतात. शेंगेतून दाणा काढावा तशी गाठ काढली, की ती त्याच जागी परत यायची. म्हणून मग कित्येकांचा हात नाहीतर पायच कापत.

१९८२ साली अमेरिकेतल्या डॉ. स्टीव्हन रोझेनबर्ग यांच्या गटानं ४३ रुग्णांचा अभ्यास मांडला. १६ जणांचा अवयव कापला होता. २७ जणांची गाठ भोवतालच्या भागासह काढून किरणोपचार, म्हणजे आपल्याकडचं 'लाईट देणं', केलं होतं. केमो दोन्हीकडं होती. अवयव वाचवलेल्यांपैकी चौघांना त्याच जागी गाठ परत आली, तरी दोन्ही गटांच्या जगण्यात लक्षणीय फरक पडला नाही. गाठ परत आली म्हणजे सगळं संपलं, असं नाही.

अशी गाठ परतायची झाली तर बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत परतते. पण पाच-दहा वर्षांनीही येऊ शकते, कधी फुप्फुसात. म्हणून डॉक्टर छातीचा फोटो काढायला सांगतात. आपण मात्र पाच वर्षं झाली की फाईल ट्रंकेत टाकतो. मिरज-कोल्हापूरला जायचं म्हटलं की घरचं कोण बघणार, परत खर्च कशाला, हे बाईच्याच मनात आधी येतं.

कर्मसिद्धांत मानणाऱ्यांनी उपचार सोडावेत असं आपल्या आचार्यांनीही म्हटलेलं नाही. राष्ट्रकूटांच्या काळात उग्रादित्याचार्यांनी मद्य, मांस, मध वर्ज्य करून 'कल्याणकारक' हा वैद्यकग्रंथ रचला. औषध अहिंसक असावं हा त्यांचा आग्रह होता, औषधच नको असा नव्हता.

तेव्हा मैत्रिणींनो, जुन्या व्रणाजवळ काही हाताला लागलं, तर दुखत नाही म्हणून गप्प बसू नका. घरात सांगा, फाईल काढा आणि ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना दाखवा. ज्या बाईला ही धास्ती वाटते तिला 'नको ते मनात आणू नकोस' म्हणण्यापेक्षा, 'चल, मी येते सोबत' म्हणा.